नळ्या बनतात हो, पण रांगेत उभ्या कशा राहतात?

कार्बन नॅनोट्यूब वाढवायच्या फर्नेसमधून (भट्टीतून) पहिल्यांदा वेफर, म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती, बाहेर काढला तेव्हा मला वाटलं काजळी धरलीय. काळाकुट्ट, चमक अजिबात नाही, आणि ज्या कोपऱ्यात कॅटॅलिस्ट (नळ्या उगवायला लावणारा लोखंडाचा थर) नव्हता तिथे तोच सिलिकॉन आरशासारखा लखलखीत. चिमट्याने कड जराशी खरवडली तर मखमलीचा तुकडा निघावा तसा काळा कपचा सुटून आला, आणि इतका हलका की हाताच्या वाऱ्यानेच सरकला. सर मागून म्हणाले, "अगं उडवू नकोस, त्यात काही अब्ज नळ्या आहेत." मला वाटलं मस्करी करतायत. नंतर हिशोब केला, एका चौरस सेंटीमीटरवर साधारण १० अब्ज म्हणजे १ वर १० शून्यं, आणि ते साधं जंगल (अशा उभ्या वाढलेल्या नळ्यांच्या दाटीला जंगलच म्हणतात), दाट म्हणतात तसं नव्हेच.

कार्बन नॅनोट्यूब म्हणजे काय हे बहुतेकांना माहिती असतं, ग्राफाइटचा एक थर घेऊन त्याची गुंडाळी केली की झाली नळी, जाडी काही नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर). १९९१ मध्ये जपानमध्ये सुमिओ इजिमांनी त्या नीट दाखवल्या आणि मग सगळं जग मागे लागलं, तशी पोकळ कार्बन तंतूंची छायाचित्रं १९५२ च्या सोविएत पेपरात पण होती पण रशियनमधला तो पेपर बाहेर वाचणार कोण. असो. मुद्दा असा की नळी बनवणं हा आता प्रश्नच राहिलेला नाही, टनावारी बनतात, बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्ये करंट नीट पसरावा म्हणून घालतात, आणि तिथे त्या गुंतलेल्या असल्या तरी चालतं, किंबहुना गुंता असेल तर बरंच, जाळं तयार होतं.

घोळ सुरू होतो तो नळीचे ते प्रसिद्ध आकडे प्रत्यक्षात हवे असतील तेव्हा. लांबीच्या दिशेने साधारण १००० गिगापास्कल ताठपणा, घनता स्टीलच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकी, हे सगळं एका नळीचं आणि तेही लांबीच्या दिशेनेच. आडव्या दिशेला तिच्यात तसा काहीच दम नाही. म्हणजे तुम्ही पावडर घेतली, रेझिनमध्ये, म्हणजे नंतर कडक होणाऱ्या द्रव प्लॅस्टिकमध्ये, ढवळली, तर प्रत्येक नळीचं तोंड वेगळीकडे, वर त्या एकमेकींना चिकटून गोळे होतात, आणि टक्का-दोन टक्क्यांच्या वर घातल्या की रेझिन इतकं घट्ट होतं की ओतताच येत नाही. एकदा गुंतलेले केस नंतर विंचरायला गेलं की निम्मे तुटतात, तसंच हे. म्हणून काही लोकांनी ठरवलं की गुंता होऊच द्यायचा नाही, नळ्या जन्मालाच सरळ घालायच्या.

ते कसं होतं हे मला आजही भारी वाटतं म्हणून जरा सविस्तर सांगते. सिलिकॉनच्या वेफरवर आधी अॅल्युमिनाचा साधारण १० नॅनोमीटरचा थर, त्यावर लोखंडाचा १ नॅनोमीटर. एक! म्हणजे अणूंचे जेमतेम चार-पाच थर. हे क्वार्ट्झच्या ट्यूबमध्ये सरकवायचं, हायड्रोजन सोडून ७५० अंशाच्या आसपास तापवायचं. लोखंडाचा तो पापुद्रा मग फाटतो आणि आळवाच्या पानावर पाणी पडावं तसे त्याचे थेंब थेंब होतात, प्रत्येक थेंब काही नॅनोमीटरचा. मग इथिलीन, म्हणजे कार्बन असलेला वायू, सोडायचं. इथिलीन तुटतं, कार्बन त्या लोखंडाच्या कणावर येतो आणि कणातून नळी होऊन बाहेर पडायला लागतो. कण बहुतेक वेळा खालीच बसून राहतो, नळी वर वर ढकलली जाते, म्हणजे झाडासारखं शेंड्याकडून वाढणं नाही, केसासारखं मुळाकडून.

आता सगळ्यात मजेची गोष्ट. या नळ्यांना कोणी सांगितलेलं नसतं वर जा म्हणून. विरळ कण असतील तर त्या वाटेल तशा वळतात, आडव्या पडतात, जमिनीवर वेटोळी घालतात. पण कण दाट असतील तर पहिल्या एक-दोन मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एकमेकींत अडकून वर एक गुंतलेली साय धरते, आणि मग खालून येणाऱ्या प्रत्येकीला आजूबाजूला जागाच नसते, शेजारणींना टेकून सरळ वर जाणं एवढाच मार्ग उरतो. लोकलच्या गर्दीत पडायला जागा नसली की माणूस आपोआप उभा राहतो ना, अगदी तसं. सरळपणा हा एका नळीचा गुण नाहीच, तो गर्दीचा गुण आहे. (प्लाझ्मा वापरून विजेच्या क्षेत्राने एकेक नळी उभी करायची पद्धत पण आहे, १९९८ मध्ये काचेवर तशा वाढवल्या होत्या, पण त्यात नळ्या बऱ्याचदा जाड, आत बांबूसारखी पेरं पडलेल्या येतात. मला त्यात कधी फार रस वाटला नाही.)

आणि हे जंगल आतून किती रिकामं असतं सांगू? नळी ८ नॅनोमीटर जाड, शेजारीण ८० नॅनोमीटरवर, म्हणजे आकारमानाच्या फक्त १ टक्का नळ्या, ९९ टक्के हवा. एसईएम या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली लांबून बघितलं की तेल लावून विंचरलेले केस, झूम वाढवत गेलं की प्रत्येक नळी नागमोडी. त्या नागमोडीमुळेच, एकेक नळी १००० गिगापास्कलची असून अख्खं जंगल स्पंजासारखं दाबलं जातं. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं होतं.

बरं आता माझं रडगाणं. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी आमची फर्नेस अचानक लहरी झाली. सोमवारी ४०० मायक्रॉनचं सुंदर जंगल, बुधवारी तोच वेफर, तोच प्रोग्राम, तेच गॅस आणि ६० मायक्रॉन, वर कडेला टक्कल. कॅटॅलिस्ट बिघडला म्हणून नवीन डिपॉझिशन केलं, दोन रन छान गेले, परत आपटी. फ्लो कंट्रोलर तपासले, थर्मोकपल बदलला, सिलिंडर बदलला. एका सीनियरने तर गंभीरपणे सांगितलं की तू लोड करत असलीस की ग्रोथ होत नाही, आणि मी दोन आठवडे त्यालाच लोड करायला लावलं, खोटं कशाला सांगू.

शेवटी लॉगबुकमध्ये एक रकाना वाढवला, हवेतली आर्द्रता. चार महिन्यांनी चित्र दिसायला लागलं. ट्यूबचं झाकण उघडून वेफर आत ठेवेपर्यंत जी हवा आत शिरायची तिच्यातली वाफ गरम न झालेल्या भागात क्वार्ट्झच्या भिंतीला चिकटून बसायची आणि पुढे अर्धा-पाऊण तास हळूहळू सुटत राहायची. त्यात भर म्हणजे मागच्या रनमध्ये भिंतीवर बसलेला कार्बन, तोही आपलं काहीतरी देत घेत असतो. म्हणजे मी स्क्रीनवर जी रेसिपी टाकत होते ती आणि वेफरला प्रत्यक्षात मिळत होती ती, या दोन वेगळ्याच होत्या.

पाण्याचं महत्त्व तोवर जगाला माहिती होतंच म्हणा. २००४ मध्ये जपानच्या एआयएसटी या सरकारी संशोधन संस्थेत केन्जी हाता यांच्या गटाने मुद्दाम वाफेचा अगदी किंचित अंश, दहा लाखात काहीशे भागांच्या आतबाहेर, गॅसमध्ये सोडला आणि १० मिनिटांत २.५ मिलिमीटर उंच एकेरी भिंतीच्या (एकाच थराच्या) नळ्यांचं जंगल वाढवलं, शुद्धता ९९.९८ टक्के. तोपर्यंत लोक मायक्रॉनमध्ये बोलत होते! पाणी काय करतं तर लोखंडाच्या कणावर जो फालतू कार्बनचा लेप चढून त्याचा जीव घुसमटतो तो काढून टाकतं, शिवाय शेजारचे छोटे कण विरघळून मोठ्यात जाण्याचा जो प्रकार असतो तोही आवरतं असं नंतर दिसलं. पण हे सगळं मोजून मापून दिलं तर. जास्त झालं, किंवा चुकीच्या वेळी, तापवतानाच ऑक्सिजन-वाफ हजर असेल, तर कण एकमेकांत मिसळून जाडजूड होऊन बसतात, संख्या घटते, आणि संख्या घटली की गर्दी गेली, गर्दी गेली की सरळपणा गेला.

आम्ही मग काय केलं, तर दर रननंतर ट्यूब रिकामी ८०० अंशांच्या वर हवेत भाजायची, कार्बन जळून जातो. वेफर गरम भागात ठेवायचाच नाही, बाहेर थंड टोकाला ठेवायचा, आतलं तापमान आणि गॅस स्थिर होऊ द्यायचे आणि मग बाहेरून चुंबकाने दांडा सरकवून वेफर आत ढकलायचा. आणि आर्गॉनची एक छोटी लाइन बबलरमधून, म्हणजे पाण्याच्या बाटलीतून, नेऊन पाणी आपल्या हाताने, मोजून. एवढं केल्यावर भट्टी माणसात आली. पेपरमध्ये यातलं अर्धं वाक्य आलं, "ट्यूब प्रत्येक रनपूर्वी स्वच्छ करण्यात आली." आठ महिने त्या अर्ध्या वाक्यात गेले.

या सगळ्यात जंगलाचा अंत कसा होतो हे मात्र नीट शिकले. उंची अचानक थांबते. सगळ्या नळ्या एकदम मरत नाहीत, हळूहळू एकेक कण मरत जातो, त्याची नळी वाढायची थांबते पण शेजारणींना चिकटलेली असल्यामुळे त्या तिला वर ओढत नेतात. असं होता होता खालची घनता कमी होत जाते, एका टप्प्याला उरलेल्या नळ्यांना टेकायला कोणी नसतं, त्या वाकड्यातिकड्या व्हायला लागतात आणि मग सगळा कारभार बंद. म्हणून एकाच जंगलाचा वरचा भाग गुंतलेली साय, मधला भाग छान समांतर, तळाचा भाग परत विस्कटलेला. सरळपणा मोजायला हरमन्स फॅक्टर म्हणून एक आकडा असतो, ० म्हणजे नुसता गुंता आणि १ म्हणजे सगळ्या तंतोतंत समांतर, तो एकाच नमुन्यात उंचीप्रमाणे बदलतो. आणि फोटो? फोटो सगळे मधल्या भागाचा लावतात. मीही लावलाय.

जंगल झालं, पुढे काय? कारण ९९ टक्के हवा कोणी विकत घेत नाही. एक सोपा उपाय म्हणजे त्यात द्रव सोडायचा आणि सुकू द्यायचा, सुकताना द्रवाचा ताण नळ्यांना जवळ खेचतो. हाता यांच्याच गटाने असं करून ०.०३ च्या आसपास घनतेचं जंगल ०.५७ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटरवर आणलं. पण हे आंधळेपणाने केलं की सुकलेल्या तळ्यातल्या चिखलाला भेगा पडतात तसं होतं, मध्ये भेगा आणि बाजूला पुंजके, मी स्वतः हे इतक्या वेळा केलंय की शेवटी त्या भेगांचाच फोटो लॅबच्या दारावर लावला होता.

दुसरा प्रकार बघितला तर जादू वाटते. २००२ मध्ये बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात फॅन शौशान यांच्या गटाला दिसलं की ठरावीक प्रकारच्या जंगलाच्या कडेला चिमट्याने धरून ओढलं की एक जुडगा निघतो, त्याला धरून दुसरा, त्याला धरून तिसरा, आणि रेशमाच्या कोशातून धागा सुटावा तसा अखंड धागा निघत राहतो, त्यांनी ३० सेंटीमीटरपर्यंत काढला. मग डॅलसमधल्या टेक्सास विद्यापीठात रे बॉमन यांच्या गटाने २००४ मध्ये तसा धागा ओढता ओढता पीळ दिला, म्हणजे पेळूतून सूत काततात तेच, फक्त कापसाच्या जागी नॅनोट्यूब. २००५ मध्ये तर त्यांनी पाच सेंटीमीटर रुंद पारदर्शक पडदाच ओढून काढला, मिनिटाला सात मीटरपर्यंत वेगाने. पाव मिलिमीटरपेक्षा किंचित कमी उंचीच्या जंगलाची १ सेंटीमीटर लांबी वापरली की ३ मीटर पडदा! आणि त्याचं वजन चौरस मीटरला ३० मिलिग्रॅमच्या आत. उभ्या नळ्या ओढताना आडव्या होतात आणि ओढीच्या दिशेने रांगेत लागतात, म्हणजे दोन कामं एका झटक्यात.

अडचण अशी की प्रत्येक जंगल असं कातता येत नाही. फार विरळ असेल तर धागा तुटतो, जुडगे एकमेकींत फार अडकले असतील तर ढेकळं निघतात. माझ्या सुमारे दोनशे रनपैकी कातण्यासारखे निघाले सात. सात!

जंगल-बिंगल काही नकोच असं म्हणणारेही आहेत. केंब्रिजमध्ये अॅलन विंडल यांच्या गटाने २००४ मध्ये इथेनॉलमध्ये फेरोसीन (लोखंडाचं एक संयुग) आणि थोडं थायोफीन (गंधकाचं) मिसळून ते हायड्रोजनबरोबर ११००-१२०० अंशाच्या भट्टीत सोडलं, आत हवेतच लोखंडाचे कण आणि त्यावर नळ्या तयार झाल्या आणि त्यांचा धुरासारखा एक मोजा तरंगायला लागला, तो दांड्याने पकडून बाहेर गुंडाळायचा. वेगाने गुंडाळलं की ताण येतो, ताण आला की नळ्या रांगेत लागतात. मोठ्या प्रमाणावर करायला हे जंगलापेक्षा सोपं कारण थांबायचं कामच नाही. पण लोखंड आत राहतं, आणि गुंडाळून येणारी शिस्त जंगलाइतकी नसते.

ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातला मात्तेओ पास्क्वाली यांचा गट तर नळ्या चक्क विरघळवतो, तेही क्लोरोसल्फोनिक अॅसिडमध्ये, जे पाण्याचा थेंब दिसला की भडकतं. पण त्यात नळ्या एकमेकींपासून सुट्या होतात, आणि दाट द्रावण केलं की आपोआप समांतर लागतात, लिक्विड क्रिस्टल. ते बारीक छिद्रातून सोडून धागा काढायचा. २०१३ मध्ये ताकद जेमतेम १ गिगापास्कल होती, २०२१ पर्यंत ४.२ वर गेली आणि विद्युतवाहकता १०.९ मेगासिमेन्स प्रति मीटर. तांबं ५८ वर आहे हे खरं, पण तांब्याचं वजनही बघा ना. म्हणजे जे काम मी सुरुवातीला "गुंता नंतर विंचरायला गेलं की तुटतात" म्हणून उडवून लावलं तेच या लोकांनी योग्य तेल शोधून करून दाखवलं, मला शब्द गिळावे लागले.

मग तो स्टीलच्या दहापट-वीसपट ताकदीचा म्हणून गाजलेला नॅनोट्यूबचा दोर कुठाय असं कोणी विचारलं की मी २०१८ चं छिंगह्वाचंच काम सांगते, तिथे काही सेंटीमीटर लांब, जवळजवळ निर्दोष नळ्यांची जुडी करून ८० गिगापास्कलच्या वर ताकद मोजली. पण जुडीत नळ्या मोजक्या. धाग्यात कोट्यवधी असतात, प्रत्येक कुठेतरी संपते, आणि तिचा भार शेजारणीला जायचा तर दोघींमध्ये नुसती हलकी चिकट, व्हॅन डर वाल्स, त्या एकमेकींवरून सटकतात. नळी तुटतच नाही, धागा सुटतो. लांबी, घट्ट बसणं, समांतर असणं, हे तिन्ही एकदम लागतं.

सध्या मी काँपोझिटमध्ये, म्हणजे तंतू आणि रेझिन मिळून बनणाऱ्या पदार्थांत, काम करते आणि माझं मत विचाराल तर सरळ नळ्यांचा सगळ्यात शहाणा उपयोग इथेच आहे. कार्बन फायबरचे थर एकावर एक रचून भाग बनवतात, थराच्या दिशेने भयंकर मजबूत, पण दोन थरांच्या मध्ये नुसतं रेझिन, तिथेच तो पापुद्र्यासारखा सुटतो. एमआयटीत ब्रायन वॉर्डल यांच्या गटाने त्या फटीत उभ्या नळ्यांचं छोटं जंगल घातलं, प्रीप्रेगवर (रेझिन आधीच मुरवलेल्या फायबरच्या थरावर) छापल्यासारखं चिकटवायचं, गरम केलं की रेझिन केशाकर्षणाने आपोआप वर चढतं आणि नळ्या टाचण्यांसारख्या दोन्ही थरांत घुसतात. थर उकलायला लागणारी चिवटता दीड ते अडीच पट वाढली, सरकवून उकलायला तिप्पट. आणि यासाठी मिलिमीटर लागतच नाही, वीसेक मायक्रॉन पुरतं! मी आठ महिने उंचीसाठी डोकं फोडत होते आणि कामाला आलं ते पहिल्या मिनिटात उगवणारं जंगल, जेव्हा सगळे कण जिवंत असतात.

आता मास्क आणि काळजीचं सांगते. लांब, ताठ, न विरघळणारा तंतू फुप्फुसात गेला की अॅस्बेस्टॉससारखं वागू शकतो, उंदरांवरचं हे काम २००८ चं. एका विशिष्ट बहुभिंती नळीला, एमडब्ल्यूसीएनटी-७, आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१४ मध्ये "कॅन्सर होऊ शकतो" या २बी गटात घातलंय, बाकीच्यांबद्दल पुरावा अपुरा म्हणून त्या वेगळ्या ठेवल्यात. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामगार-सुरक्षा संस्थेने २०१३ मध्ये सुचवलेली मर्यादा हवेच्या घनमीटरला फक्त १ मायक्रोग्रॅम. वेफरला चिकटलेलं जंगल त्यामानाने गुणी, पण खरवडणं, कापणं, घासणं हे सगळं हूडमध्येच (हवा खेचून घेणाऱ्या कपाटात), आणि तो पहिला कपचा मी उघड्या टेबलावर काढला होता हे चूकच होतं.

गेल्या महिन्यात एका ठिकाणाहून नवीन नमुने आले. बरोबर सुंदर फोटो, एकदम विंचरलेले, मधला भाग. मी मेल केला की तळापासून ५ मायक्रॉनवरचा फोटो पाठवा, आणि त्या दिवशीची आर्द्रता लिहून ठेवली असेल तर तीही. उत्तर आलं की फोटो बघतो, पण आर्द्रतेचं काय ते समजलं नाही.